चाळीस सेकंदांचा नकाशा

सेकंद शून्य.
"अळगप्पा गल्ली, नंबर चौदा, छातीत दुखतंय!" हेमलताने माइक हाताने झाकला. "खरा फोन आहे. बघू, कुणाचा नकाशा आधी येतो."
अ‍ॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये तीच प्रमुख. टेबलावर दोन मॉनिटर. डावा जयवंतीचा, उजवा कौशिकचा. दोघं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या, गिंडीतल्या एकाच नकाशा कंपनीतले.

सेकंद दोन.
डावीकडे सीडीवरचं चित्र उघडलं. सरकत नाही, मोठं होत नाही. जॉर्ज टाउन या जुन्या वस्तीचे असे दोनशे दहा चौकोन जयवंतीने सहा वर्षांत पायी फिरून केले होते. प्रत्येक घरावर दोन आकडे: पालिकेने दिलेला नवा नंबर, आणि लोक अजून सांगतात तो जुना.
उजवीकडे राखाडी; तो नकाशा इंटरनेटवरून यायचा होता.

सेकंद पाच.
"जुना चौदा, मॅडम. म्हणजे नवा एकतीस," जयवंती म्हणाली.

सेकंद नऊ.
"इथली लाइन स्लो आहे," कौशिक म्हणाला. "आमच्या ऑफिसात सहा सेकंदांत येतो."
"मग पेशंटला गिंडीला नेऊ?" हेमलताने विचारलं.

सेकंद बारा.
दोघांतला एकच नकाशा ठेवायचा होता. आजच. कौशिकचा, सरकणारा, ठेवला तर चौकोन करायचं काम, म्हणजे जयवंती, महिनाअखेर बंद. कौशिकनेच काल सांगितलं होतं, तिला कॉफी पाजून.
"अक्का, वाईट वाटून घेऊ नका."
"उद्यां मी जिंकलें तर तुम्ही घ्याल काय?"
अशा वेळी तिची घरची तंजावरी मराठी वर यायची.

सेकंद सतरा.
हेमलता वायरलेसवर बोलत होती. "बाजाराकडून गाडी आत घाल. सरळ रस्ता आहे, समोर दिसतोय मला."
समोर डावा पडदा होता.

सेकंद वीस.
रस्ता सरळ होता, पण मोकळा नव्हता. परवा जयवंती तिथून गेली होती. गल्लीच्या तोंडाशी गटारासाठी खड्डा, पलीकडे माणसाच्या उंचीचे पाइप. चौकोन दुरुस्त करायचा होता. नवीन चित्र, नवीन सीडी, पुढच्या महिन्यात.
खोलीत हे फक्त तिला माहीत होतं.

सेकंद एकवीस.
ड्रायव्हरला माहीत असेल.

सेकंद बावीस.
असेलच.

सेकंद चोवीस.
नसेल.

सेकंद पंचवीस.
"तिकडून पाठवूं नकां!" ती उभी राहिली होती. "माझं चित्र खोटं आहे, मॅडम. तोंड खणलंय. मागून, मिरचीच्या वखारीकडून घ्या."
हेमलताने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. "वळव गाडी! मागून जा, मिरचीची वखार. नवा नंबर एकतीस!"

सेकंद चाळीस.
उजवीकडे नकाशा आला. रंगीत, स्वच्छ. कौशिकने गल्लीच्या तोंडावर क्लिक केलं. लाल फुली उमटली.
"बघा मॅडम. रस्ता बंद झाला की असं लगेच दाखवता येतं."
"मग हाच ठेवा," हेमलता म्हणाली. "लाइन नवीन घेऊ आम्ही." जयवंतीकडे न बघता म्हणाली.

नंतर. कुणी मोजलं नाही.
वायरलेस खरखरला. "पेशंट गाडीत. ऑक्सिजन लावलाय."
हेमलता खुर्चीत मागे टेकली. जयवंती मात्र उजव्या पडद्याशी वाकून बघत होती.
"घर चुकलंय, कौशिक. तुमच्या नकाशावरचा चौदा नवा. ते दुसरं टोक. आमचा जुना इथं."
आणि कागदावर करायची तसंच, सवयीने, स्केचपेनचं टोपण काढून तिने पडद्याच्या काचेवर लाल ठिपका ठेवला.
"अक्का, काचेवर?" कौशिक हसला. मग हसू आवरून म्हणाला, "ते जुने नंबर कुठे लिहून ठेवलेत?"
तिने पिशवीतून वही काढली आणि त्याच्या माउसशेजारी ठेवली. सहा वर्षांत पुठ्ठा दोनदा बदललेली.
"मॅडम, आता शेजारचा भाग दाखवतो," म्हणत त्याने नकाशा धरून ओढला. गल्ली सरकली, बाजार सरकला, बंदराचे धक्के सरकले.
ठिपका होता तिथेच राहिला. आता त्याच्याखाली समुद्र होता.
जयवंतीने पदराचं टोक अंगठ्यावर घेतलं आणि काचेकडे हात नेला.