जो चेन साफ करेल त्याची गाडी

आमच्या घरात मोटारसायकलवरून मोठं भांडण एकदाच झालं आणि बाबांनी ते एका वाक्यात मिटवलं. मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंही नुकतेच गाडी चालवायला शिकलो होतो आणि किल्लीसाठी एकमेकांच्या झिंज्या उपटत होतो. बाबा अंगणात गाडीशेजारी उकिडवे बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "जो चेन साफ करेल त्याची गाडी." भावाने रॉकेलच्या डब्याकडे पाहिलं, मग आपल्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं आणि किल्ली मुकाट्याने माझ्या हातावर ठेवली. त्या दिवसापासून बाबा त्याला लाटसाहेब म्हणायला लागले आणि मला फोरमन.

मग दर रविवारी सकाळी आमचा कारखाना सुरू व्हायचा. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला. इंजिन चालू ठेवून चाक फिरवायचा आळशीपणा बाबा खपवून घेत नसत. ते जन्मभर लेथवर काम केलेले, बोटं कुठे आणि कशी जातात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. चाक हातानेच फिरवायचं. चेनला सुरुवातही नसते आणि शेवटही नसतो, त्यामुळे आधी एका कडीला दोरा बांधायचा, म्हणजे फेरा पुरा झाला की कळतं. मग जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून एकेक कडी घासायची, फडक्याने कोरडी करायची आणि तेल सोडायचं. तेल कायम आतल्या बाजूने. चाक फिरलं की ते आपोआप बाहेरपर्यंत झिरपतं. शेवटी दोरा तोडून टाकायचा आणि गाडी दुपारपर्यंत हलवायची नाही. तेल मुरायच्या आत गाडी बाहेर काढली, तर ते उडून मागे बसलेल्याचे कपडे रंगवतं.

दोरा आईच्या शिवणाच्या डब्यातून चोरलेला असायचा. साखरही चोरलेलीच. कारण आईचा हुकूम होता, काळे हात घेऊन उंबरा ओलांडायचा नाही. त्यावर बाबांनी काढलेला तोडगा म्हणजे मूठभर साखर आणि त्यात चमचाभर खायचं तेल. ते हातावर खसाखसा चोळायचं, मग कपडे धुवायची पावडर लावायची, की नखांतलंसुद्धा सगळं निघायचं. आम्ही दोघं अंगणातल्या नळावर हात धुऊन साळसूदपणे आत यायचो. "या घरातल्या मुंग्या डबाच्या डबा साखर खातात की काय?" असं आई विचारायची आणि बाबा वर्तमानपत्रात तोंड लपवून हसायचे. हे गुपित आम्ही शेवटपर्यंत फुटू दिलं नाही.

बाबा आजारपणात गेले. कागदपत्रांवर गाडी आईच्या नावावर झाली, पण घरात कागदाला कोण विचारतं? चेन मी साफ करत होते, गाडी माझी होती. मी कामाला होते ते चष्म्याच्या काचा घासायचं वर्कशॉप गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलं, तेव्हा तर गाडीशिवाय माझं पानही हलेना. पण खरं सांगायचं तर कामापेक्षा मला रविवार हवा असायचा. चाक हळूहळू फिरवताना बाबा शेजारी बसलेत असं वाटायचं. दुसरीकडे कुठेच तसं वाटत नसे.

आईने मात्र गाडीशी कट्टी घेतली होती. रविवारी मी रॉकेलचा डबा काढला, की ती स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची. एवढी वर्षं त्याच खिडकीतून ती आमच्यावर ओरडत आली होती, "अहो, जेवायचंय की नाही आज?" आता खिडकी बंद. मी कधी त्याबद्दल बोलले नाही. ज्याचं त्याचं दुःख, म्हटलं.

एका रविवारी सकाळीच आई म्हणाली, "गुडघे फार धरलेत गं. ते पुलापलीकडच्या दुकानात मिळतं ना, ते मलम आणतेस? आणि चालतच जा, पाय मोकळे होतील." माझ्या पायांची तिला एकाएकी काळजी वाटली, तेव्हाच खरं म्हणजे मला शंका यायला हवी होती. पण चेन साफ करायचीच होती, मग कशाला गाडी काढा, असा विचार करून मी निघाले.

परत आले तर गाडी अंगणात मेन स्टँडवर उभी. चेन लखलखत होती. मी खाली वाकून बोट लावलं. तेल ताजं होतं आणि आतल्या बाजूने सोडलेलं होतं. रिमवर एक थेंब नाही. आणि एका कडीला दोरा बांधलेला होता, गडद लाल, आईच्या चांगल्या रिळातला. आम्ही असल्या कामाला नेहमी पांढरा स्वस्तातला वापरायचो. शिवाय दोरा शेवटी तोडायचा असतो हे खिडकीतून दिसत नसणार, म्हणून तो तसाच राहिला होता.

गुडघे धरलेल्या माझ्या आईने जमिनीवर बसून अख्खी चेन घासली होती. माझ्यासाठी. मला एकदम भरून आलं. मी तिथेच अंगणात उभी राहून रडले आणि तो दोरा तोडावासा वाटेना, म्हणून राहू दिला.

आत आई खुर्चीत बसली होती, मांडीवर नॅपकिन आणि नॅपकिनखाली हात.

"आई, चेन कोणी साफ केली?" मी लाडात येऊन विचारलं.

"झाली ना साफ? झालं तर मग."

"तेल आतल्या बाजूने सोडलंय. हे काही लाटसाहेबाचं काम नाही."

"इतकी वर्षं त्या खिडकीतून दुसरं काय बघत होते मी?" ती म्हणाली.

मी तिच्या गळ्यातच पडले. संध्याकाळी तुला मागे बसवून तळ्यापर्यंत फिरवून आणते, असं म्हणाले. पडलीस तर मला धरून पड, अशी थट्टाही केली. ती फक्त "बघू" म्हणाली. मी चहा केला, तर कपाला तिने हात लावला नाही. "निवू दे जरा," म्हणाली. नेहमी उकळता चहा घशात ओतणारी बाई! पण माझ्या डोक्यात तेव्हा काही शिरायला जागाच नव्हती.

चहा निवतो न निवतो तोच लाटसाहेब दारात हजर. पांढराशुभ्र शर्ट, केस चापून बसवलेले. त्याच्याबरोबर एक दाढीवाला माणूस, हेल्मेट काखोटीला मारलेलं. तो घरात आलाच नाही, सरळ गाडीशी जाऊन बसला आणि चेन बघायला लागला. मी मागोमाग बाहेर आले.

"वा," तो मला म्हणाला, "तुमच्या आई फोनवर म्हणाल्या तशीच आहे. निगुतीने वापरलेली गाडी आहे, म्हणाल्या. म्हटलं, विकताना सगळेच तसं म्हणतात. पण ही चेन बघून मी घेतलीच समजा."

मी आईकडे वळले. ती दारापर्यंत आली होती, हात अजून नॅपकिनमध्येच.

"तू फोन केलास?"

तोंड उघडलं ते भावाने. "ताई, आधी ऐकून तर घे. सगळं तुझ्या भल्यासाठीच चाललंय. आपण तुला मस्त स्कूटर घेऊ."

"स्कूटरला चेन नसते."

"तेच तर म्हणतोय! साफ करायची कटकटच नाही."

त्याच्या तोंडाला तोंड देण्यात अर्थ नव्हता. त्याने आयुष्यात कधी हात काळे केले नाहीत, त्याला कटकट आणि बाबा यांतला फरक कसा कळावा? मी आईलाच विचारलं, "का?"

"तू परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो," ती म्हणाली. "रोज. गाडीचा आवाज येईपर्यंत मला घास गिळत नाही. तुला काय त्याचं!"

"मग मला सांगायचंस. विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"अर्थात नाही म्हणाले असते! गाडी माझी आहे. बाबांनीच सांगितलं होतं तसं."

"काय सांगितलं होतं त्यांनी?" आई म्हणाली आणि तिने नॅपकिन बाजूला केला. दोन्ही हात मनगटापर्यंत काळे होते. नखं काळी, बोटांच्या पेरांवरच्या रेघा काळ्या. ते हात तिने माझ्यापुढे धरले. "जो चेन साफ करेल त्याची गाडी. हेच ना? आज चेन मी साफ केली. गाडी माझी."

कागदाच्या जोरावर तिने गाडी विकली असती तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण तिला ठाऊक होतं की या घरात कागद चालत नाही, बाबांचा शब्द चालतो. म्हणून मला मलमाला पिटाळून, दुखऱ्या गुडघ्यांवर बसून, तिने तो शब्द कडी कडी करून माझ्याकडून काढून घेतला होता. आणि मी मूर्ख, तिच्या गळ्यात पडले होते. मला फसवलं होतं आणि तेही बाबांच्या तोंडून. बाबा असते तर त्यांनी काय केलं असतं, हाही विचार मी करू शकेना, कारण नियमाप्रमाणे ती बरोबर होती.

"हा दोरा कसला?" दाढीवाल्याने विचारलं.

मी खाली वाकले आणि दोरा तोडला. त्या रविवारी माझ्या बोटांना लागलेलं काळं तेवढंच.

पुढचं सगळं भराभर झालं. किल्ली मी दिली नाही, आईने खुंटीवरून काढून दिली. आईने सही केलेले कागद एजंटच्या घरी पोचवायला भाऊ त्या माणसाच्या मागे बसून जाणार होता. तेल अजून मुरलेलं नव्हतं. दुपारपर्यंत थांबा, एवढंच मला म्हणायचं होतं, पण मी म्हटलं नाही. लाटसाहेब आपला पांढराशुभ्र शर्ट आणि पँट सावरून मागे बसले. गाडी गेली. चेनचा आवाज मुळीच आला नाही, इतकी ती चांगली साफ झाली होती.

मी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले. खिडकी सताड उघडी होती. आई अंगणातल्या नळावर साबणाने हात घासत होती. फेस काळा होऊन वाहत होता, हात मात्र तसेच होते. तिने वीट घेऊन घासून पाहिलं. मग खिडकीकडे मान वर केली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"हे निघतं कसं गं? तुम्ही तर अगदी स्वच्छ हातांनी आत यायचात."

साखरेचा डबा माझ्या कोपरापाशी होता.

"निघत नाही," मी म्हणाले.

"मग तुमचं कसं निघायचं?"

"आमचं वेगळं होतं," मी म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.