उलटी चिकटवलेली पिसं

मित्रांनो, मी रबराचा एक जुना डायनासोर आहे. व्हेलोसिरॅप्टर माझं नाव. मुलुंडच्या एका घरात, शोकेसमध्ये मी राहतो. साच्यातून निघालो तेव्हा माझं अंग पालीसारखं उघडं होतं, रंग हिरवागार. त्या काळी खेळणी करणारे आम्हाला तसंच समजत.

ऋता लहान असताना तिच्या बाबांनी, नंदकिशोररावांनी, मला घाटकोपरच्या एका दुकानातून आणलं. पुढे तिच्या दर वाढदिवसाला मला एकेक सोबती मिळाला. बापलेक फरशीवर पालथे पडून आमची अवघड नावं घोकत. ते माझे सुखाचे दिवस.

ऋता मोठी झाली आणि जीवाश्मांचा अभ्यास करायला परदेशी गेली. एकदा फोनवर बाबांनी कौतुकानं माझी आठवण काढली, तर ती हसून म्हणाली, "बाबा, तो फेकून दे ना आता! खऱ्या व्हेलोसिरॅप्टरच्या अंगावर पिसं होती रे. तुझा तो सगळाच चुकलाय."

विज्ञान खरं तेच सांगत होतं. माझा त्याच्यावर राग नाही. पण बाबांचा उतरलेला चेहरा मी पाहिला.

त्यांनी मला फेकलं नाही. खिडकीत पडलेली कबुतरांची पिसं ते वेचू लागले, धुऊन माझ्या हातांवर, शेपटीवर चिकटवू लागले. त्याच सुमारास त्यांना विसरण्याचा आजार जडला. गोंद कुठे ठेवला ते विसरत, जेवलो का ते विसरत. "ऋताला दाखवायचंय," एवढं मात्र रोज म्हणत.

यंदा ऋता आली. बाबांनी तिच्याकडे परक्या पाहुणीकडे बघावं तसं पाहिलं आणि मला तिच्या हातात दिलं.

"बघा हो, जमलंय का?"

"अगं, तुझ्यासाठीच खपतायत केव्हापासून," ऋताची आई तिला हळूच म्हणाली.

पिसं उलटी चिकटली होती. एवढीशी चूकही न सोडणाऱ्या ऋतानं त्यांवरून अलगद बोट फिरवलं. मग म्हणाली, "बरोबर आहे, बाबा. अगदी बरोबर."

बाबांनी मला अलगद परत घेतलं. "तुम्ही म्हणता ते ठीक आहे हो. पण माझी मुलगी आली की तिलाच विचारीन. तिला यातलं सगळं कळतं."

ऋता स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली.

मित्रांनो, जुनं ज्ञान चुकतं, ते दुरुस्त करायलाच हवं. पण ज्यांनी ते हौसेनं तुमच्यासाठी घरी आणलं, त्यांची चूक दाखवताना जरा जवळ बसा. ते तुम्हाला ओळखतात, तोवरच बसा.