कोऱ्या हातांचं दुकान

आमच्या घरात ऋतू आबांच्या हातांवरून कळत. लग्नसराई जवळ आली की नखांच्या मुळांशी कुंकवाची लाली साचे, शाळा उघडायच्या आधी तळव्यांच्या रेषांत गणवेशाची निळाई उतरे, आणि दिवाळीच्या सुमारास मावळतीचा जांभळा काळोख मनगटापर्यंत चढलेला असे. गुजराती मुलखातल्या पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवता रंगवता माझ्या वडिलांनी सगळं आकाशच कातडीत मुरवून घेतलं होतं.

त्याच हातांनी त्यांनी गल्लीच्या तोंडाशी दुकान घेतलं. माल भरला तो मात्र शुभ्र: टोप्या, टॉवेल, उपरणी. आमच्या खानदेशी लग्नांत पाहुण्यांना मानाचे देतात ते. आणि मग शटर कधी उघडलंच नाही. रंगलेल्या हाताने कुणाला मान द्यायचा नाही, असा त्यांचा हट्ट. रविवारी ते ओटा झाडत, कुलपाला तेल घालत. समोरच्या चहाच्या गाडीवरून जयेशभाई हाक मारत, "काका, अंदर भूत राख्युं छे के शुं?"

आबा वर न बघता म्हणत, "हात कोरा होऊ दे, मंग उघाडसू."

मी घरातली पहिली पदवीधर. हे मी आजही मान ताठ करून सांगते. पदवी घेऊन आले त्या दिवशी आबा दारातच उभे होते, हात पाठीमागे बांधून. माझ्या पांढऱ्या ओढणीला रंग लागेल म्हणून त्यांनी माझी पाठ नुसती डोळ्यांनी थोपटली.

आबांची मिलमधली नोकरी सुटली. रंग मात्र पहाटेच्या चांदण्यासारखा सावकाश विरत गेला. तोवर बैठ्या घरांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, ओळखीची घरं शहराबाहेर पलसाण्याकडे पांगली, आणि आमची दुकानांची ओळही पाडायचं ठरलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की किल्ली द्यायची होती.

आखाजीच्या सकाळी आबांनी दोन्ही तळवे उन्हात धरले. कोरे होते. पण रंग जाताना बळही घेऊन गेला होता. शटर त्यांच्याने हलेना. मी जोर लावला. आत कोंडलेल्या कापडाचा वास, आणि घडीघडीवर पिवळट सावली.

"काका, बोणी कोनी?" पहिली विक्री कुणाला, म्हणून जयेशभाई ओरडले.

आबांनी तळातली एक स्वच्छ टोपी काढली, झटकली. बाईमाणसाला टोपी देत नाहीत, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी ती माझ्या डोक्यावर ठेवली आणि हात तिथेच राहू दिला. "तुना मान. ऱ्हाई जायेल व्हता."

दुकानाच्या जागी आता खोल खड्डा आहे. त्याच वर्षी थंडीत आबाही गेले. कामावरून थकून आलेल्या संध्याकाळी मी ती टोपी खिडकीच्या उजेडात काठाकाठाने फिरवते, कुठे निळं, लाल बोट उमटलंय का बघते. काळाने त्यांचे हात इतके स्वच्छ धुतले, की माझ्यासाठी आबांचा एक डागसुद्धा उरला नाही.