नववी ओळ

सहा वर्षं पद्माकर शैलेंद्रवर डूख धरून होता, आणि हे त्याच्या बायकोशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. शैलेंद्रला तर नाहीच नाही. त्याच्या लेखी दोघं जुने मित्र होते. नाहीतर रविवारी सकाळी, ऐन पोह्यांच्या वेळी, अमेरिकेतल्या मिनियापोलिसहून सिंगापूरला व्हिडिओ कॉल लावून "पद्या, मदत कर रे" म्हणायची हिंमत त्याला झाली नसती.

"इथे कंबरेएवढा बर्फ साचलाय," शैलेंद्र सांगत होता. "पुढच्या आठवड्यात ऊब येणार म्हणतात, म्हणजे सगळा एकदम वितळणार. महापालिकेकडून नोटीस आलीये, तळघरं सांभाळा म्हणून. आमचं पहिलंच घर, पहिलाच मार्च. मला यातलं ओ की ठो कळत नाही. पाण्याचा माणूस म्हणजे तू."

फोन फिरवत त्याने तळघर दाखवलं. गुबगुबीत गालिचा, भिंतभर टीव्ही, सोफे, पलीकडे एक बंद दार. कोपऱ्यात जमिनीत खड्डा आणि खड्ड्यात पंप. जमिनीतून झिरपलेलं पाणी त्या खड्ड्यात जमायचं, आणि पंप ते उचलून भिंतीतल्या पाइपाने मागच्या अंगणात फेकायचा. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती; खिडकीतून त्याने अंगणही दाखवलं. सगळं पांढरंफटक. पाइपाचं तोंड कुठे दिसेना, कारण ते बर्फाखाली गाडलं गेलं होतं.

पद्माकरच्या नजरेतून ते सुटलं नाही. पण तो तोंडाने काही बोलला नाही.

"यादी पाठवतो," तो म्हणाला. "जुरोंग आयलंडला असायची तशीच. एकेक काम करायचं, त्यापुढे टिक करायची, खाली सही करायची आणि मला परत पाठवायची."

"घरच्या घरी कसली रे सही?" शैलेंद्र हसला.

"सही घेतल्याशिवाय मी आता कोणालाच सल्ला देत नाही."

शैलेंद्रला तेही हसण्यावारी नेता आलं. निगरगट्ट माणूस.

२०१३ साली दोघं सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर एकाच प्लँटमध्ये होते. शैलेंद्र शिफ्टचा मुख्य, पद्माकर त्याच्या हाताखाली. तिथला एक रिवाज होता, त्याला लाइन वॉक म्हणायचे. पंप चालू करण्याआधी माणसाने पाइपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालत जायचं, वाटेतल्या प्रत्येक व्हॉल्व्हला हात लावून तो उघडा आहे ना ते बघायचं, आणि मगच कागदावर टिक करायची. दुपारच्या उन्हात अर्धा तास लागायचा. शैलेंद्र एसीत बसून, कॉफी पीत टिक करायचा. ज्या दिवशी घात झाला त्या दिवशीही त्याने तेच केलं. त्याचा कागद बघून पद्माकरने पंप चालू केला. शेवटचा व्हॉल्व्ह बंद होता. पाण्याला जायला वाट नाही, पंप आतल्या आत तापत गेला आणि जळला.

चौकशीत शैलेंद्रने सरळ हात झटकले. म्हणे मी बघितला तेव्हा व्हॉल्व्ह उघडा होता, नंतर पद्माकरनेच बंद केला असणार. सगळं खापर पद्माकरवर फुटलं. नोकरी गेली, तिच्यामागे सिंगापुरात राहायचा परवाना, एम्प्लॉयमेंट पासही गेला, आणि महिन्याभरात चंबूगबाळं आवरून पुण्याला परतावं लागलं. आठ वर्षांच्या मुलाला, तन्मयला, वर्षाच्या मध्यात शाळेतून काढलं, तेव्हा तो दोन दिवस कोणाशी बोलला नव्हता. पुढे दोन वर्षांनी पद्माकर पुन्हा सिंगापूरला आला, पण दोन पायऱ्या खालच्या हुद्द्यावर. आता तो रोज त्याच जुरोंग आयलंडच्या बसमध्ये बसायचा आणि जुने लोक त्याला बघून अजून आपसात कुजबुजायचे, हाच तो पंप जाळणारा. पैशाअडक्याचं तो विसरला असता. हे मात्र त्याला विसरता येत नव्हतं.

तर त्या रविवारी पद्माकरने पोहे गार होऊ दिले आणि यादी लिहायला बसला. यादीत त्याने एका शब्दाची खोट ठेवली नाही. बाहेरच्या नळाची आतली चावी बंद करणे. खड्ड्यातला गाळ काढणे. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पंप आपोआप चालू होतो का ते बघणे. वीज गेली तर पंपाला बॅटरी आहे ना ते बघणे. असं करत करत आठवी ओळ आली: जमिनीवरचं सामान वर उचलणे. आणि नववी, शेवटची: पंपाचा पाइप बाहेर पडतो तिथपासून त्याच्या तोंडापर्यंत चालत जाणे, तोंडावरचा बर्फ फोडणे, वाट मोकळी आहे हे हाताने बघणे.

नीता, त्याची बायको, मागून वाचत होती. "इतकं मनापासून?" ती म्हणाली. "त्या माणसासाठी?"

"बघच तू," पद्माकर म्हणाला.

यादी पाठवली आणि त्याने घड्याळ लावलं. अकराव्या मिनिटाला ती परत आली. नऊच्या नऊ ओळींपुढे टिक, खाली झोकदार सही, आणि सोबत वर केलेल्या अंगठ्याचं चित्र. अकरा मिनिटांत त्या कंबरभर बर्फात जायचे बूटसुद्धा घालून होत नाहीत. पद्माकरला इतका आनंद झाला की त्याने गार पोहे वाटीभर जास्त खाल्ले. आपण खोटं बोललो नाही, काही लपवलं नाही. बुडालाच तर स्वतःच्या हाताने बुडेल, आणि सहीचा कागद आपल्यापाशी असेल. मग तो कागद जुन्या प्लँटच्या ग्रुपवर टाकायचा, आणि सगळ्यांना दिसू दे कोण कसं काम करतं ते. याला म्हणतात उट्टं काढणं.

आठवडाभर तो बसमध्ये मिनियापोलिसचं हवामान बघत राहिला. सोमवारी शून्याखाली सहा. बुधवारी शून्य. शुक्रवारी वर सात आणि रात्री पाऊस. बाहेर सिंगापूरचं ऊन घामाघूम करत होतं आणि हा तिकडच्या पावसासाठी देव पाण्यात ठेवून बसला होता.

"शुभदाला एक फोन कर," नीता शुक्रवारी म्हणाली. "ती बिचारी काय वाईट वागली होती आपल्याशी?"

शुभदा म्हणजे शैलेंद्रची बायको. सामान बांधायच्या दिवसांत बाकीच्या सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा ती एकटी रोज डबा घेऊन यायची. तन्मयला दुपारभर आपल्या घरी ठेवून घ्यायची.

"तिचं काय जातंय?" पद्माकर म्हणाला. "गालिचा त्याचा, टीव्ही त्याचा. भिजू दे की."

शनिवारी संध्याकाळी आठला ते जेवायला बसले होते तेव्हा फोन आला. शैलेंद्रचा नव्हता, शुभदाचा होता. तिकडे सकाळचे सात वाजले होते.

"भावजी, तळघरात पाणी आलंय. पंप नुसता घुं घुं करतोय, पाणी कमी होत नाहीये. हे डॅलसला गेलेत, फोन उचलत नाहीत."

सहा वर्षं ज्या बातमीची वाट बघितली ती अशी आली, बाईच्या कापऱ्या आवाजात. पद्माकरने हातातला घास ठेवून फोन स्पीकरवर टाकला.

"वहिनी, पाण्यात उतरू नका," तो म्हणाला. "विजेची पेटी कुठे आहे? वर जिन्यापाशी? पंपाचं बटण आधी तिथून बंद करा. मग बूट घाला, किटलीभर कढत पाणी घ्या, एक हातोडी घ्या, आणि मागे अंगणात जा."

तो सांगत गेला आणि ती करत गेली. भिंतीतून पाइप बाहेर पडतो ती जागा तिला सापडली. तिथून ती हाताने बर्फ उकरत पाइपाच्या कडेने पुढे सरकत राहिली. मांडीएवढ्या बर्फात तिचा श्वास फोनवर ऐकू येत होता. वीस पावलांवर तोंड सापडलं. आत मुठीएवढं बर्फाचं बूच घट्ट बसलं होतं. तिने पाणी ओतलं, हातोडीने ठोकलं, पुन्हा पाणी ओतलं. बूच निघालं. ती आत जाऊन बटण चालू करून आली. पंप तगला होता. भळाभळा पाणी अंगणात पडायला लागल्याचं नीतालाही ऐकू आलं.

"झालं," पद्माकर म्हणाला. त्याचा शर्ट घामाने भिजला होता. "गालिचा वाळेल वहिनी. टीव्ही तर भिंतीवर आहे."

"गालिच्याचं काय घेऊन बसलात," शुभदा म्हणाली. "पलीकडच्या खोलीत माझं शिवणकाम आहे. साड्यांना फॉल लावून देते, ब्लाउज शिवते. लग्नाच्या साड्या आल्यात लोकांच्या, पैठण्या आहेत. सगळी खोकी जमिनीवर होती. रंग उतरलेत त्यांचे."

त्या बंद दारामागे काय आहे, हे पद्माकरने विचारलंच नव्हतं.

शुभदा जिना चढून स्वयंपाकघरात आल्याचं ऐकू आलं. 

"तुमची यादी फ्रिजवर लावलीये यांनी," ती सावकाश म्हणाली. "आठव्या ओळीत सामान उचला असं लिहिलंय. मला कोणी सांगितलंच नाही. आणि नवव्या ओळीत जे लिहिलंय, ते मी आत्ता करून आले. दोन्हींपुढे टिक आहे. त्या संध्याकाळी हे घराबाहेरसुद्धा पडले नव्हते."



"भावजी, जुरोंगलाही असंच झालं होतं का?"

नेमका हाच प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून त्याने सहा वर्षं कळ काढली होती. आणि विचारला तो शैलेंद्रच्या बायकोने, त्याच्याच घरात, त्याच्याच सहीपुढे उभं राहून. याहून मोठं उट्टं कुठल्याच ग्रुपवर निघालं नसतं.

"हो," तो म्हणाला. छातीवरचा धोंडा उतरला.

"मला वाटायचंच," शुभदा म्हणाली. "विचारायची हिंमत झाली नाही कधी." मग तिने विचारलं, "ही यादी त्यांनी तुम्हाला किती वेळात परत पाठवली?"

"अकरा मिनिटांत."

"म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं."

नीताने ताटातलं बोट थांबवलं आणि नवऱ्याकडे बघितलं.

"हो," पद्माकर म्हणाला. मघाचाच शब्द, पण या वेळी नीताकडे न बघता.

"मग मला एक फोन करायचात ना," शुभदा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि पद्माकरला राग हवा होता. "वीस तर पावलं होती. मी गेले असते की चालत."

मग साड्या वाळत घालायच्या आहेत म्हणून तिने फोन ठेवला.