साखरेच्या बरणीतली कोंबडी

मी एक जुनी काचेची बरणी आहे. पण मित्रांनो, माझ्यात आता साखर शोधू नका. जनावरांच्या दवाखान्यातल्या फळीवर, औषधी पाण्यात, मी एका कोंबडीच्या पोटातलं गुपित सांभाळते आहे.

त्याआधी बारा वर्षं मी एका स्वयंपाकघरात होते. माझं झाकण फक्त थोरल्या जावेनं उघडायचं, असा घरचा कायदा. चहाला किती चमचे, तेही तीच ठरवायची. मग धाकटीनं माहेराहून एक कोंबडी आणली. तुरा लालभडक, चाल ऐटदार. रोज सकाळी ती खोक्यात तासभर बसायची, ओरडून घर डोक्यावर घ्यायची आणि उठायची. खोकं रिकामंच.

थोरली त्या वेळी शिवणाच्या दुकानात असे. धाकटी अंडी परस्पर लांबवते, असं तिच्या मनानं घेतलं.

"मग ही रोज आत बसून काय पेपर वाचते?"

"ताई, मी एकही घेतलं नाही."

सुट्टीच्या दिवशी थोरली स्वतः पहाऱ्याला बसली. तरी अंडं नाही. तेव्हा म्हणाली, माझ्यासमोर कशी घालेल, शिकवलेली आहे ती. दोघींचं बोलणं बंद झालं. चुली वेगळ्या करायची भाषा सुरू झाली.

अशात कोंबडीचं पोट फुगलं आणि ती मेली. धाकटी तिला पिशवीत घालून इथे घेऊन आली. खरं-खोटं करायला थोरलीही मागोमाग आली.

डॉक्टरांनी कोंबडी उघडून दाखवली. कोंबडीची अंड्याची डावी नळीच तेवढी वाढते, उजवी जन्माआधीच विरते. हिची डावी मधेच बंद होती. उजवी विरायची राहून पाण्यानं फुगली होती. "जन्मापासूनच अशी. बिचारी रोज प्रयत्न करत होती, बाहेर यायला वाटच नव्हती."

इथे शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे जपायला डॉक्टरांकडे मोठी बरणी नव्हती. थोरली धाकटीला घेऊन घरी गेली, माझ्यातली साखर डब्यात ओतली, मला घासूनपुसून इथे आणून दिलं. तो डबा तिनं धाकटीच्या हातात ठेवला होता. "आजपासून तूच बघ."

पुढे किती मुलांनी माझ्यासमोर बसून चित्रं काढली! आता माझी चिठ्ठी पुसट झाली आहे, पाणी खाली गेलं आहे, अंगावर धूळ आहे. मागच्या महिन्यात थोरली काठी टेकत आली. रुमालानं माझी काच पुसली आणि हळूच म्हणाली, "धाकटी चहात साखर फार घालते गं."

मित्रांनो, माझं पाणी भरत जा, काच पुसत जा. आतलं असं बाहेरून दिसणं सगळ्यांच्या नशिबी नसतं.