जीपमधली पुढची जागा

माझ्या नातीने उन्हाळाभर घरात बूट घालून स्वयंपाक केला. जाडजूड, घोट्यापर्यंतचे बूट. डोंगरावर चावू नयेत म्हणून पायांना आधी सवय लावायची, म्हणे. टाचांना फोड आले, पण काढायचं नाव नाही. माझ्यावरच गेलीय.

ती दगडमातीचं शास्त्र शिकते. सुट्टीत एका संशोधन संस्थेत तिला इंटर्नशिप मिळाली. आधी तळघरात बसून वाळू चाळायची, दगड फोडायचे, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. शेवटी डोंगरावर जाऊन दगडांचे थर बघायचे, असं ठरलेलं. तिने निमूट सगळं केलं. आणि निघायच्या आदल्या दिवशी साहेब म्हणाले, "तू इथेच थांब. वर मुलींची सोय नाही."

बरोबरची दोन पोरं मात्र चालली होती. त्यातलं एक तर चपलांवर!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेशी माझा संबंध पाटी फुटेपर्यंतचाच. पण सोय म्हणजे काय, आणि ती कुणाची बघतात, हे मला कुणी शिकवायला नको. सकाळी तिच्याबरोबर गेले. फाटकाशी जीप उभी, साहेब सामान चढवून घेत होते.

"सोय नाही म्हणजे नक्की काय नाही?"

"आजी, तंबूत राहायचं असतं. बरोबर कुणी बाईमाणूस नाही. उद्या काही झालं तर जबाबदारी माझी."

"एवढंच ना? मग मी येते. बाईमाणूसच आहे मी, विचारा कुणालाही."

"डोंगर चढवेल तुम्हाला?"

"चढायचं तुम्ही. मी खाली बसून तुमच्यावर नजर ठेवीन."

पोरं फिदीफिदी हसली. साहेब वैतागून म्हणाले, "बरं, चला!" मी पुढच्या सीटवर ऐसपैस बसले. जिंकलेच होते.

तेवढ्यात नात खिडकीशी आली. डोळे लाल.

"आजी, उतर. तू आलीस तर पुढच्या वर्षीच्या मुलीला विचारतील, तुझी आजी कुठाय? जिला आजीच नाही, तिने काय करायचं?"

चारचौघांत मलाच उतरवायला निघाली! अस्सा राग आला कार्टीचा. पण खोटं काय बोलली होती? मग तोच राग उचलला आणि योग्य माणसाला पोचता केला.

"साहेब, मी येत नाही."

"मग उतरा."

"ही बसल्याशिवाय नाही. एकटी जाईल. ह्या दोघांबरोबर त्यांच्या आत्या आल्यात का?"

"आजी, उशीर होतोय."

"मला नाही होत."

ड्रायव्हर आरशात बघत पुटपुटला, "साहेब, ऊन चढलं की गाडी तापते."

"गाडीच कशाला," मी म्हटलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि ते शिपायावर खेकसले, "तो जास्तीचा तंबू आण रे!"

शिपायाने फाटकामागची खोली उघडली. तंबू दारातच होता, धूळ खात. एवढीच ती सोय! ह्यांना कडी काढायचा कंटाळा, म्हणून माझ्या पोरीने घरी बसायचं?

मी उतरले. नात चढली, माझ्याच जागेवर बसली.

"बूट नीट बांध."

"बांधलेत," ती समोर बघत म्हणाली.

"आणि तो चपलेवाला घसरला, तर उचलायला जाऊ नकोस. त्याची सोय साहेब बघतील."