मच्छरदाणीतला वेल

शेजारणीकडे नवं कपाट आलं की आपलं कपाट अचानक कुरकुरायला लागतं. हा अनुभव कुणाला नाही, मंडळी? आपल्या शिवणवाल्या काकूंचं घोडं मात्र अडलं होतं भोपळ्यावर.

कुंपणापलीकडे निवृत्त नर्सबाई राहायच्या. बिया त्यांनीच दिल्या होत्या आणि दोघींनी त्या एकाच दिवशी पेरल्या. कळ्या दिसू लागल्या तशी काकूंच्या मनात आलं, आपण काय खत घालतो ते हिला कळायला नको. त्यांनी जुन्या मच्छरदाण्या दुहेरी केल्या, मशीनवर चारी बाजूंनी शिवल्या आणि अख्खा वेल झाकून टाकला. पुढे नर्सबाईंच्या वेलाला गरगरीत भोपळे धरले. काकूंची बोटभर फळं मात्र पिवळी पडून गळू लागली.

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. नर्सबाई जास्तीची भाजी फाटकाजवळच्या टोपलीत ठेवायच्या, ज्याला हवी त्याने न्यावी. तेवढ्यासाठी लोक थांबायचे, दोन शब्द बोलायचे, आणि एकट्या बाईचा दिवस बरा जायचा. तेही काकूंना बघवेना! एकदा माप घेताना त्या गिऱ्हाइकाला हळूच म्हणाल्या, "भोपळे एवढे फुगतात कसे? इंजेक्शनं देते ती. नर्सच ना, सुयांना काय तोटा!"

शिवणाच्या खोलीतली गोष्ट गल्लीभर व्हायला कितीसा वेळ लागतो? टोपली भरलेली राहू लागली आणि तिच्यातली भाजी सुकू लागली. काकूंना आधी बरं वाटलं. मग त्या टोपलीकडे न बघता फाटकावरून जाऊ लागल्या.

अशात त्यांची धाकटी नणंद राहायला आली. परसात जाताच ती हसत सुटली.

"वहिनी, भोपळ्याला डास चावतात का गं?"

"हसू नका वन्सं. तिची नजर नको म्हणून झाकलाय. तरी मेलं एक फळ धरेल तर शपथ!"

"धरेल कसं? मधमाशी आत येणार कुठून? या फुलातले परागकण त्या फुलात तिनंच न्यायचे असतात." नणंदेने जाळीवरून हात फिरवला. "तिला दिसू नये म्हणून तू स्वतःचाच वेल उपाशी ठेवलास. आणि गल्लीत शिरल्यापासून ते इंजेक्शनाचं काय ऐकतेय मी? तूच उठवलंस ना?"

तेवढ्यात कुंपणापलीकडून खसकन आवाज आला. नर्सबाई विळ्याने वेल कापत होत्या.

"अहो, थांबा! काय करताय?" काकू कुंपणाकडे धावल्या.

"विषारी आहे म्हणे. लोक फाटकाशी थांबेनासे झाले. कुणासाठी ठेवू?"

"खोटं आहे ते! मीच उठवलं. जळत होते मी तुमच्यावर!"

नर्सबाईंनी विळा खाली ठेवला. "वाटलंच होतं मला. तुमच्याकडनं निघालेल्या बायकाच तोंड फिरवायच्या. राग आलाय मला, काकू. जायला वेळ लागेल."

"लागू दे. पण वेल कापू नका."

त्या संध्याकाळी काकूंनी टोपलीतला भोपळा घरी नेऊन शिजवला. दुसऱ्या दिवसापासून जी बाई माप द्यायला येई, तिच्यापुढे त्या आधी वाटी ठेवत. "खा. नर्सबाईंचा आहे. इंजेक्शनाचं मी खोटं बोलले होते," असं रोज, प्रत्येकीला, मान खाली घालून सांगत. कुणी हसलं, कुणी नाक मुरडलं. हळूहळू टोपली पुन्हा रिकामी होऊ लागली.

मच्छरदाणी त्यांनी उसवली होतीच. एका सकाळी वेलावर लिंबाएवढा हिरवा भोपळा दिसला. काकूंनी हाक मारली आणि नर्सबाई कुंपणाशी आल्या, बऱ्याच दिवसांनी, आपणहून.

मंडळी, दुसऱ्याची भरभराट डोळ्यांत खुपायला लागली की आपण त्याचं नाव खराब करतो आणि आपलं दार बंद करून बसतो. पण त्याच दाराने आपलं सुखही आत यायचं असतं. तेव्हा आधी आपली जाळी उसवा!